मोठ्या ट्रायथलॉनची रंगीत तालीम: आधी एक छोटी शर्यत कशी करावी

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, एकापाठोपाठ एक. माझ्या पहिल्या हाफ, म्हणजे लांब अंतराच्या, ट्रायथलॉनच्या पंधरा दिवस आधी मी एक स्प्रिंट, म्हणजे छोट्या अंतराची ट्रायथलॉन, केली होती. पाण्यात शिरून शंभर मीटरही झाले नसतील, तोच कुणाची तरी टाच लागून माझा गॉगल कपाळावर सरकला. तो सावरेपर्यंत नाकातोंडात पाणी गेलं, श्वासाची लय चुकली आणि पुढची तीन-चार मिनिटं मी नुसताच तरंगत होतो. वर्षभर तलावात फेऱ्या मारून जे कळलं नव्हतं, ते त्या चार मिनिटांत कळलं. मोठ्या शर्यतीच्या दिवशी मी दोन टोप्या घातल्या आणि गॉगलचा पट्टा त्यांच्या मध्ये दाबला. धक्के तेव्हाही बसले, पण गॉगल जागचा हलला नाही.

मोठ्या शर्यतीआधी छोटी शर्यत करावी, ती अशा गोष्टींसाठी. लांब अंतराचा दम आणि वेग सरावातच कमवायचा असतो, तो एका सकाळी मिळत नाही. पण गर्दी, घाई, धडधडती छाती आणि या सगळ्यात हाताशी असलेल्या वस्तू नीट वापरता येणं, हे घरच्या सरावात कितीही ठरवलं तरी उभं करता येत नाही. छोट्या शर्यतीकडून एवढंच मागायचं. त्याहून जास्त मागितलं की ती उलट नुकसान करते. ते कसं, हे पुढे येईलच.

## कोणती शर्यत, किती आधी

स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल आणि ५ किमी धावणं. ऑलिम्पिक अंतर त्याच्या दुप्पट: १.५ किमी, ४० किमी, १० किमी. २००० साली सिडनीत ट्रायथलॉन पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं ते याच अंतराचं. हाफमध्ये १.९ किमी पोहून ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं असतं. फुलमध्ये हे आकडे ३.८, १८० आणि ४२.२ होतात.

अंतर जितकं मोठं, तितकं मुख्य शर्यतीपासून लांब ठेवायचं. मुख्य शर्यत ऑलिम्पिक किंवा हाफ असेल तर स्प्रिंट दोन ते तीन आठवडे आधी उत्तम. हाफआधी ऑलिम्पिक करायची असेल तर तीन ते पाच आठवडे हवेत. फुलआधी हाफ करणाऱ्यांनी सहा-आठ आठवड्यांचं अंतर ठेवावं, कारण हाफमधल्या धावण्याने पायांची जी झीज होते ती आठ-दहा दिवसांत भरून येत नाही, आणि फुलच्या तयारीतले सगळ्यात महत्त्वाचे लांब सराव नेमके त्याच काळात असतात.

मुख्य शर्यतीच्या आदल्या आठवड्यात मात्र स्प्रिंटही नको. त्या आठवड्यात शरीराला नवं काही शिकवता येत नाही, घोटा मुरगळू शकतो एवढंच.

आणखी एक बघा. स्प्रिंटचं पोहणं बंद तलावात असेल आणि तुमची मुख्य शर्यत समुद्रात किंवा जलाशयात असेल, तर तालमीचा निम्मा उपयोग तिथेच संपला. शक्य असेल तर उघड्या पाण्यातलीच शर्यत निवडा, भले तिथे पोहण्याचं अंतर थोडं कमी असलं तरी.

## नियमावली शेवटपर्यंत वाचा

हे कंटाळवाणं काम आहे, पण छोट्या आणि मोठ्या शर्यतींचे नियम सारखे नसतात आणि गफलत इथेच होते.

पहिला फरक ड्राफ्टिंगचा. पुढच्या सायकलस्वाराच्या मागे चिकटून वारा वाचवायला काही छोट्या शर्यतींत परवानगी असते. हौशी खेळाडूंच्या लांब शर्यतींत ती जवळपास कुठेच नसते. तिथे दोन सायकलींमध्ये साधारण १० ते १२ मीटर मोकळी जागा ठेवावी लागते आणि ओलांडायचं असेल तर ठरावीक सेकंदांत ओलांडून पुढे जावं लागतं. तुम्ही निवडलेल्या स्प्रिंटमध्ये ड्राफ्टिंग चालत असेल तर तिथली सायकल मोठ्या शर्यतीची तालीम होऊच शकत नाही. घोळक्यात ओढलं जाणं आणि एकट्याने वारा कापणं, हे दोन वेगळे प्रकार आहेत. शिवाय अशा शर्यतीत टाइम ट्रायलची, म्हणजे पुढे झुकून एकट्याने वारा कापायला बनवलेली, सायकल चालत नाही, साधी रोड बाइक लागते.

दुसरा फरक वेटसूटचा, म्हणजे थंड पाण्यात पोहताना घालायच्या रबरी पोशाखाचा. पाण्याच्या तापमानाची मर्यादा अंतरानुसार बदलते. आंतरराष्ट्रीय नियमांत हौशी गटासाठी १५०० मीटरपर्यंतच्या पोहण्यात पाणी साधारण २२ अंशांच्या वर गेलं की वेटसूटवर बंदी येते, तर त्याहून लांब पोहण्यात ही मर्यादा साडेचोवीस अंशांच्या आसपास असते. म्हणजे त्याच पाण्यात, त्याच तापमानाला, स्प्रिंटला वेटसूट नाही आणि हाफला आहे, असं होऊ शकतं. तसं झालं तर वेटसूट काढण्याची तालीम वेगळी करा. एखाद्या सकाळी उघड्या पाण्यात पोहून बाहेर या आणि धावत धावत तो काढून बघा.

तिसरा फरक ट्रान्झिशनच्या, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना सामान बदलण्याच्या जागेच्या, मांडणीचा. स्प्रिंटमध्ये सामान बहुधा सायकलीच्या स्टँडखाली जमिनीवर मांडलेलं असतं. लांब शर्यतींत पुष्कळदा ते पिशव्यांत भरून आदल्या दिवशीच द्यावं लागतं आणि तंबूत जाऊन कपडे बदलावे लागतात. तसं असेल तर घरी एकदा पिशवीतून सामान काढून बघा, वरच्या वस्तू खाली गेलेल्या चालत नाहीत.

## तीन प्रश्न कागदावर लिहा

शर्यतीच्या आठवडाभर आधी एका कागदावर तीन प्रश्न लिहा, ज्यांची उत्तरं या शर्यतीतून हवी आहेत. तीनच. “मी किती वेगवान आहे?” हा प्रश्न नको. प्रश्न असे असावेत: सुरुवातीच्या धक्काबुक्कीत माझा श्वास ताब्यात राहतो का? सायकलीवरून उतरल्यावर पहिल्या किलोमीटरला मी वाहवत जातो का? नवा ट्रायसूट (तिन्ही प्रकारांत अंगावर राहणारा पोशाख) ओला झाल्यावर काखेत किंवा मांडीला घासतो का?

ज्याचं उत्तर सरावात मिळू शकतं तो प्रश्न या यादीत घालू नका. सायकलची बैठक अर्धा सेंटीमीटर खाली घ्यावी का, हे रविवारच्या लांब फेरीत कळतं. त्यासाठी शर्यत वाया घालवू नये.

## जोर लावायचा की हात राखून करायचं

याबद्दल प्रशिक्षकांमध्ये दोन मतं आहेत. काही जण सांगतात, छोटी शर्यत मोठ्या शर्यतीच्या वेगाने करा, म्हणजे तो वेग अंगवळणी पडेल. मला हे स्प्रिंटच्या बाबतीत अजिबात पटत नाही. हाफच्या वेगाने २० किमी सायकल चालवणं हा साधा सराव झाला, तो तुम्ही कधीही करू शकता. स्प्रिंटमध्ये जोर लावलात तरच छाती धडधडते, हात थरथरतात, हेल्मेटचा पट्टा लागत नाही, आणि हे सगळं दिसण्यासाठीच तर आपण तिथे गेलेलो असतो. म्हणून स्प्रिंट मन लावून, जोरात करा.

ऑलिम्पिक अंतराचं गणित वेगळं आहे. हाफच्या तीन आठवडे आधी ऑलिम्पिक करत असाल तर पोहणं आणि सायकल थोडी हात राखून करा आणि धावण्याचे शेवटचे चार-पाच किलोमीटर जोर लावा. दोन-अडीच ते तीन तास पूर्ण जोराने पळून तीन आठवड्यांत पुन्हा ताजंतवानं होणं नवख्याला अवघड जातं.

काय करायचं ते आधी ठरवा आणि तेच करा. सगळ्यात जास्त घोटाळा करतात ते “सावकाश करू” म्हणून उतरलेले आणि शेजारून कुणी पुढे गेलं की पिसाळून सुटणारे.

## शर्यतीचा आठवडा

स्प्रिंटसाठी पूर्ण टेपर करू नका, म्हणजे शर्यतीआधी सराव फार कमी करू नका, नाहीतर मुख्य शर्यतीच्या तयारीतला एक आख्खा आठवडा हातचा जातो. शेवटचा जड सराव चार दिवस आधी संपवा, नंतरचे दोन दिवस वेळ कमी करा, आणि आदल्या दिवशी वीस-तीस मिनिटं सायकल व दहा मिनिटं धावणं एवढंच. त्यात दोन-तीन वेळा अर्ध्या-एक मिनिटाचा जोर लावा, म्हणजे पाय जागे राहतात.

त्याच संध्याकाळी सामान काढून जमिनीवर मांडा. ज्या क्रमाने वापरणार त्या क्रमाने: वेळ मोजणारी चिप, टोपी, गॉगल, चष्मा, हेल्मेट, सायकलचे बूट, नंबराचा पट्टा, धावण्याचे बूट. मोठ्या शर्यतीत जे वापरणार तेच इथे वापरा. तेच टायर, तीच हवा, तेच मोजे, तीच बाटली.

## सकाळ आणि वॉर्म-अप

शर्यत जितकी छोटी, तितकं अंग जास्त तापवावं लागतं. लांब शर्यतीत पहिली दहा मिनिटं हळू पोहून अंग तापवता येतं, स्प्रिंटमध्ये तेवढी उसंत नसते. दहा मिनिटं हलकं धावा, मग पाण्यात उतरू देत असतील तर पाच-सात मिनिटं पोहा आणि शेवटी चार-पाच वेळा वीस हात जोरात मारा. पाणी थंड असेल तर चेहरा आधी पाण्यात बुडवून तोंडातून हवा सोडत राहा. थंड पाण्याने श्वास अचानक उथळ आणि भरभर होतो. तो पहिला झटका सुरुवातीच्या शिट्टीआधीच बसून गेलेला बरा.

वॉर्म-अपच्या आधी ट्रान्झिशनमध्ये एक फेरी मारा. पाण्यातून बाहेर येण्याच्या वाटेने चालत आपल्या सायकलीपर्यंत जा, रांगा मोजा, एखादी न हलणारी खूण पकडा, जसं झाड किंवा खांब. शेजाऱ्याचा रंगीत टॉवेल ही खूण धरू नका, तो तुमच्या आधी निघून गेलेला असेल. मग सायकल घेऊन बाहेर पडण्याच्या वाटेने सायकलीवर चढायच्या रेषेपर्यंत जा.

## पोहणं: इथे जास्त लक्ष द्या

माझ्या मते छोट्या शर्यतीची सगळी किंमत इथेच वसूल होते.

सुरुवातीला बहुतेक जण पहिले दीड-दोनशे मीटर झेपणार नाही अशा वेगाने सुटतात. छातीत भीती असते आणि ती हातांत उतरते. तिसऱ्या मिनिटाला धाप लागते, श्वास घेण्याची घाई होते, पण खरी अडचण आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्याची असते. पाण्याखाली हवा पूर्ण सोडली नाही तर वर आल्यावर नवी हवा घ्यायला जागाच उरत नाही. म्हणून घाबरल्यासारखं वाटलं तर एकच गोष्ट करा: तोंड पाण्यात ठेवून बुडबुडे मोठे आणि लांब सोडा. दहा हात तसे मारले की लय परत येते. तरीही नाही आली तर पाठीवर वळा, हात वर करून सुरक्षा बोटीला बोलवा. बोट किंवा बोया धरून थांबायला बहुतेक शर्यतींत परवानगी असते, फक्त त्याचा आधार घेऊन पुढे सरकायचं नसतं. हे नियम माहीत असले की अर्धी भीती जाते.

उभं कुठे राहायचं, हेही इथे आजमावून बघा. पहिल्या रांगेत राहून धक्के खाणारे आणि शेवटी राहून हळू लोकांना वळसे घालणारे, दोघांचीही दमछाक होते. स्प्रिंटमध्ये मुद्दाम नेहमीपेक्षा एक पाऊल पुढे उभे राहा. धक्क्यांची सवय इथे झालेली परवडते.

दिशा बघण्यासाठी दर सहा ते दहा हातांनी डोळे पाण्याच्या किंचित वर काढा, पूर्ण डोकं नको, डोकं वर आलं की पाय बुडतात. पुढच्या पोहणाऱ्याच्या पायांमागे किंवा कंबरेजवळ राहिलात तर बरीच ताकद वाचते आणि पाण्यात याला कुठलीही बंदी नाही. मात्र तो वाकडा जात असेल तर तुम्हीही वाकडे जाल, त्यामुळे बोया स्वतः बघत राहा. बोयाच्या वळणावर गर्दी दाटते, तिथे एखाद-दोन मीटर बाहेरून वळसा घेतला तर अंतर थोडं वाढतं पण लाथा वाचतात. हे खरंच फायद्याचं आहे का, ते स्प्रिंटमध्ये करून बघा.

## टी-वन: पोहण्यातून सायकलीकडे

हेल्मेट डोक्यावर आणि पट्टा बंद, मग सायकलीला हात. हा क्रम कधीही मोडू नका, मोडला तर दंड होतो किंवा बादही करतात. परत आल्यावर सायकल स्टँडवर लागेपर्यंत पट्टा सोडायचा नाही.

शेवटच्या शंभर मीटर पोहण्यात पाय जरा जास्त मारा. आडव्या अंगाने बराच वेळ पोहून एकदम उभं राहिलं की गरगरतं, पाय चालू असले तर ते कमी होतं. बाहेर येताना मनातल्या मनात पुढच्या तीनच गोष्टी म्हणा: “चष्मा, हेल्मेट, सायकल.” घाईत माणूस वस्तू विसरत नाही, क्रम विसरतो.

## सायकल

स्प्रिंटमधले २० किमी लवकर संपतात. पहिली तीन-चार मिनिटं हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवा, श्वास खाली येऊ द्या, मग जोर लावा. पॉवर मीटर (पायडलवरचा जोर मोजणारं यंत्र) असेल तर स्प्रिंटमध्ये तासभर टिकणाऱ्या तुमच्या कमाल पॉवरच्या नव्वद टक्क्यांपुढेही जाता येतं. हाफमध्ये हाच आकडा साधारण पंचाहत्तर ते पंच्याऐंशी टक्क्यांत ठेवायचा असतो आणि फुलमध्ये त्याहूनही खाली. ही तफावत डोक्यात पक्की बसवा, कारण स्प्रिंटचा वेग पायांत दोन आठवडे घुमत राहतो आणि मोठ्या शर्यतीत पहिल्या दहा किलोमीटरला तोच वेग “सोपा” वाटतो.

## टी-टू (सायकलीवरून धावण्याकडे) आणि धावणं

सायकलीवरून उतरल्यावर वेगाची जाणीव फसवी असते. तीस-पस्तीसच्या वेगाने जाऊन पायी निघालो की आपण रांगतोय असं वाटतं, प्रत्यक्षात घड्याळ भलताच वेग दाखवत असतं. स्प्रिंटमध्ये हे ५ किमी रेटून नेता येतं. हाफमध्ये पहिल्या किलोमीटरची तीच चूक सोळाव्या-सतराव्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे होऊन परत येते. म्हणून स्प्रिंटमध्ये पहिल्या किलोमीटरचा वेळ नक्की नोंदवा, आणि तो बघण्याआधी तुम्हाला किती वाटला होता तेही आठवा. या दोन आकड्यांतला फरक हीच तुमची चूक मोजण्याची पट्टी.

पावलं छोटी आणि भरभर टाका, मांड्या दगडासारख्या वाटतील, पाच-सात मिनिटांत त्या सुटतात. किती मिनिटांत सुटल्या ते लक्षात ठेवा. मोठ्या शर्यतीत त्या क्षणाची वाट बघणं सोपं जातं.

## खाणंपिणं

इथे छोटी शर्यत सगळ्यात जास्त फसवते. शरीरात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, तास-दीड तासाच्या जोराला पुरतं, त्यामुळे स्प्रिंटमध्ये काहीही न खाता, नुसत्या दोन घोट पाण्यावर नीट जमतं. त्यावरून हाफचा अंदाज बांधू नका. १९८२ च्या फेब्रुवारीत हवाईतल्या आयर्नमनमध्ये, म्हणजे फुल अंतराच्या शर्यतीत, जूली मॉस महिलांमध्ये पहिली असताना शेवटच्या टप्प्यात कोसळली आणि रेषा तिने रांगत ओलांडली, तोवर कॅथलीन मॅकार्टनी तिच्या पुढे गेली होती. शरीराची ती अवस्था कुठलीच स्प्रिंट दाखवू शकत नाही. हाफ आणि त्यापुढच्या अंतराला तासाला साधारण ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं लागतात, आणि ती पचवायची सवय पोटाला कित्येक आठवड्यांच्या लांब सरावांतूनच लागते.

मग स्प्रिंटमध्ये काय तपासायचं? तीन गोष्टी. सकाळचं खाणं शर्यतीआधी अडीच-तीन तास नेमकं तेच आणि तेवढंच घेऊन बघा, जे मोठ्या शर्यतीला घेणार आहात. सायकलीवर एक जेल (पाकिटातलं गोड, घट्टसर खाणं) उघडून खा, गरज नसली तरी: धाप लागलेली असताना, ओल्या बोटांनी पाकीट फाडता येतं का ते कळेल. आणि शर्यतीआधी व नंतर वजन करा. जितकं वजन घटलं त्यात प्यायलेलं पाणी मिळवलं की किती घाम गेला ते कळतं, एक किलो म्हणजे जवळपास एक लिटर. जोर जास्त असल्यामुळे हा आकडा वरच्या टोकाचा असेल, मोठ्या शर्यतीत ताशी घाम बहुधा थोडा कमी जाईल.

## शर्यतीनंतर

त्याच संध्याकाळी, अंग दुखत असतानाच, तीन प्रश्नांचा कागद काढा आणि उत्तरं लिहा. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर फक्त वेळ आणि क्रमांक आठवतो. कुठे घासलं, काय सापडलं नाही, कुठे घाबरलात, ते सगळं लिहा.

स्प्रिंटनंतर दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी तास-दीड तास अगदी हलकी सायकल चालवा. लांब शर्यतीच्या तयारीतला आठवड्याचा वेळ त्यामुळे भरून निघतो आणि पायही मोकळे होतात. जोरदार धावणं मात्र तीन-चार दिवस नको. पोटरीत किंवा टाचेच्या शिरेत एखादी बारीक कळ असेल तर ती पूर्ण जाईपर्यंत नकोच.

आता सगळ्यात अवघड भाग, निकालाकडे बघणं. स्प्रिंट भन्नाट गेली म्हणून मोठ्या शर्यतीचं लक्ष्य वाढवू नका आणि वाईट गेली म्हणून कमीही करू नका. लांब अंतराचं लक्ष्य तुमच्या लांब सायकल फेऱ्या आणि त्यानंतर लगेच केलेलं धावणं यावरून ठरवा. स्प्रिंटनंतर बदलायच्या त्या फक्त वस्तू, क्रम आणि सवयी, आणि त्याही दोन-तीनच. गॉगल बदलला, तर पुढचे दोन आठवडे प्रत्येक पोहण्याला तोच घाला. मोजे बदलले, तर ते घालून निदान एक लांब फेरी आणि एक ब्रिक करा, म्हणजे सायकलवरून उतरून लगेच धावा. मुख्य शर्यतीच्या आधी एक आठवडा उरला की बदलांची यादी बंद करा. त्यानंतर काही खटकलं तर कागदावर लिहून ठेवा, ते पुढच्या वर्षीचं काम.